सांडव्यावरची अडतीस पोती

नगर जिल्ह्यात पाणी बघायला म्हणून कोणी जात नाही. मी गेले, आणि तेही चिपळूणहून. चिपळूणच्या बाईने पाणी बघायला घाट चढून जावं, यावर आमच्या शेजारच्या काकू मला तोंडावर हसल्या. पण माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा, फोन आला होता. "ताई, आमचा तलाव भरला. शुक्रवारी जलपूजन हाय. तू ये." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मंदा एवढंच म्हणते तेव्हा तिच्या पोटात आणखी काहीतरी असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

परत येऊन आता पंधरा दिवस झाले. काय काय बघितलंस, असं कोणी विचारलं की मी सांगायला सुरुवात करते आणि मध्येच माझंच मला कळेनासं होतं. म्हणून लिहून काढते आहे. लिहिताना तरी गुंता सुटेल अशी आशा आहे.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे माझा गोंधळ कुठून सुरू झाला ते कळेल. मी तीस वर्षं हायस्कूलात नागरिकशास्त्र शिकवलं. आपत्ती व्यवस्थापन हा माझा आवडता विषय. दोन हजार पाचचा कायदा समजावताना मी फळ्यावर एक शिडी काढायची. वरच्या पायरीवर राष्ट्रीय प्राधिकरण, अध्यक्ष पंतप्रधान. मधल्या पायरीवर राज्य प्राधिकरण, अध्यक्ष मुख्यमंत्री. खालच्या पायरीवर जिल्हा प्राधिकरण, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. वरून धोरण उतरतं, खालून माहिती चढते, प्रत्येक पायरीचा आपला आराखडा असतो. शिडी काढून झाली की मी हात झटकायची, खडू उडायचा आणि देश सुरक्षित व्हायचा.

मिरजगाव

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडत होता. नगरहून मी दुसऱ्या गाडीने मिरजगावला उतरले. चिखल, ट्रॅक्टर, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो आणि वर राखाडी आभाळ. घ्यायला मंदाचे यजमान आले होते, जालिंदर गुरुजी. दोघांची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिथेच जमलं आणि कोकणातली मंदा या माळावर येऊन राहिली, त्याला आता पस्तीस वर्षं होतील. गुरुजी निवृत्त झाल्यापासून शेती बघतात. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशाला अजून दोन पेनं.

"ताई, आधी च्या घ्या," म्हणाले. हॉटेलात शिरलो. मी चिपळूणची, हे कळल्यावर हॉटेलवाल्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

"तुमच्याकडं पूर येतो म्हनं?"

"येतो ना. बाजारपेठेत पाणी शिरतं. माळ्यावर चढून बसावं लागतं."

"नशीबवान लोक," तो म्हणाला आणि चहा गाळू लागला.

तो थट्टा करत होता की खरंच म्हणत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "खरंच म्हनतोय त्यो. ह्याचा सगळा जन्म टँकरमागं पळन्यात गेला."

मोटारसायकलवर मागे बसून मी बोरखडीला निघाले. आत आठ-दहा किलोमीटर, दोन्ही बाजूंना तुरी आणि पाण्यात उभी राहिलेली बाजरी. ज्या माणसाच्या रानात पाणी साचलं होतं तोही बांधावरून हात करून म्हणत होता, "गुरुजी, लई झाला पाऊस." तक्रार तोंडात आणि आनंद डोळ्यांत. आमच्याकडे एवढ्या पावसाची कोणी दखलही घेतली नसती. इथे मात्र कुणाकडे पाहुणे आल्यासारखं वातावरण होतं.

बोरखडी

मंदाचं घर तलावाच्या भरावाखाली आहे, हे मला माहीत होतं. पण आजवर मी गेले ती उन्हाळ्यात, तेव्हा तलाव म्हणजे भेगाळलेली जमीन आणि तिच्यात क्रिकेट खेळणारी पोरं. या वेळी अंगणात उभी राहिले आणि समोर मातीची ती उंच भिंत बघितली, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पाणी माझ्या डोक्याच्या वर आहे. दिसत नव्हतं, पण होतं.

रात्रीच्या जेवणाला हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाच्या झणझणीत रश्शात. मला भातावाचून जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून मंदाने मुद्दाम मूठभर भात लावला होता आणि गुरुजी माझ्या ताटाकडे बघून हसत होते. जेवून हात धुवायला उठले, तर दाराच्या मागे खिळ्याला एक जाड प्लास्टिकची पिशवी दिसली, तोंड सुतळीने घट्ट बांधलेली. चाचपून बघितलं. कागद, काहीतरी कडक, चष्म्याचं घर असावं.

चिपळूणच्या माणसाला अशी पिशवी सांगावी लागत नाही. आमच्याकडे जून लागला की घरोघरी दाराशी असते. रेशनकार्ड, आधार, सातबारा, औषधं. पाणी आलं की ती उचलायची आणि निघायचं. पण बोरखडीत? जिथे पूर हा शब्द म्हणजे दुसऱ्याचं नशीब?

"मंदे, ही तू भरलीस?" मी हळूच विचारलं.

"असू दे ती तितंच," ती म्हणाली आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली.

म्हणजे बाई घाबरली आहे. फोनवर जे पोटात होतं ते हे, असं मी मनाशी पक्कं केलं.

सकाळी गुरुजी मला तलाव दाखवायला घेऊन गेले. काळी माती चपलेला अशी चिकटते की चार पावलांत माणूस दोन बोटं उंच होतो. भरावावर चढलो. जिथे पोरं क्रिकेट खेळायची तिथे लांबवर पाणीच पाणी, वर बगळे. गुरुजी नुसते बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मग ते मला भरावाच्या टोकाला घेऊन गेले. तिथे सांडवा आहे, म्हणजे जादा पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली दगडी वाट. तलाव तुडुंब भरला की पाणी तिथून ओढ्यात उतरतं आणि भरावावर ताण येत नाही. एवढं मलाही समजतं. पण त्या वाटेवर मातीने भरलेली पोती रचलेली होती. दोन रांगा, एकावर एक, वर प्लास्टिकचा कागद. पाणी पोत्यांना टेकून उभं होतं.

"हे काय?"

"अडतीस पोती," गुरुजी अभिमानाने म्हणाले. "मी आन् चार जनांनी रचली. दीड फूट पानी जास्तीचं ऱ्हातं, ताई. दीड फूट म्हंजी उन्हाळ्यात विहिरींना म्हयनाभर."

"आणि सांडवा?"

"शुक्रवारी पूजन झालं की बघू. पावने येनार, बाया वट्या भरनार. तवा तलाव काठोकाठ नको का?"

आमच्याकडे नदीची वाट अडवली, तर लोक तहसीलवर मोर्चा नेतात. इथे गावातले सर्वात शहाणे गृहस्थ स्वतः पोती वाहून वाट अडवतात आणि वर पाहुणे बोलावतात.

भरावाच्या पायथ्याशी, मंदाच्या घराच्याही खाली, रशीदभाईंचं घर. सत्तरीच्या पुढचे, हातात शेळीचा कासरा. त्यांनी मला हाताने खूण करून बोलावलं. गवतात एक जागा ओली होती. ओली म्हणजे नुसती ओली नाही, पाणी झिरपत होतं.

"ह्यो तलाव आमी बांधलाय, बाई," ते म्हणाले. "दुष्काळात, रोजगार हमीवर. मी तवा पोरगा हुतो. मधी काळी माती घालायची, पानी झिरपू नये म्हनून, असं सायेब सांगून गेल्ता. हितं मात्र काळी माती कमी पडली. मुरूम टाकला आमी. मला म्हाईत हाय, कारन पाटी माझ्याच डोक्यावर हुती."

"गुरुजींना सांगितलंत?" त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्याने विचारलं.

"सांगितलं की. ते म्हनले, इतकी वर्सं न्हाई फुटला. व्हय, न्हाई फुटला. पर इतकी वर्सं भरला तरी कवा?"

शिडीची खालची टोकं

दुपारी मी ग्रामपंचायतीत गेले. गावाचा आपत्ती आराखडा बघायचा होता. शिडीला जिल्ह्याखाली तालुका असतो, तालुक्याखाली गाव, हे मी मुलांना तोंडी सांगायची, फळ्यावर जागा पुरत नसे.

तिथे तलाठी भेटले, एक हसतमुख तरुण. त्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, असं त्यांनीच सांगितलं. गावात दोघांनाही "भाऊसाहेब" म्हणतात, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही.

आराखड्याची फाईल निघाली. मी उभ्या उभ्या वाचली. टँकर कुठून मागवायचे, चारा छावणी कुठल्या माळावर करायची, कोणत्या विहिरी ताब्यात घ्यायच्या, सगळं तपशीलवार. पुराच्या पानावर एकच ओळ होती: लागू नाही.

"बाई, इथं पूर कुठला?" तलाठी म्हणाले. "आमची आपत्ती म्हणजे दुष्काळ."

"पण भरावातून पाणी झिरपतंय."

ते गंभीर झाले. लगेच माझ्याबरोबर आले, ओली जागा पाहिली, फोटो काढले, वर पाठवले. मग पोत्यांपाशी येऊन थबकले. पोती काढा, असं ते का म्हणत नाहीत, ते मला कळेना.

"तलाव माझा नाही, बाई," ते म्हणाले. "लहान असला तर जिल्हा परिषदेचा, मोठा असला तर जलसंधारणचा. हा कोणाकडे ते नोंद बघावी लागेल. मी कळवू शकतो. कळवलंय."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात, पण तो मोजायचा महसूल मंडळाच्या गावच्या यंत्रावर. बोरखडीत आभाळ फाटलं आणि मंडळाच्या गावी ऊन असलं, तर कागदावर ऊन. मी म्हटलं, हे मी कधी शिकवलं नाही. ते म्हणाले, "पुस्तकात नसेल."

संध्याकाळी सगळ्यांचे मोबाईल एकदम भोंग्यासारखे वाजले. पुढच्या दोन दिवसांत जोरदार पावसाचा इशारा, शुद्ध मराठीत. म्हणजे शिडीची वरची टोकं जागी होती. तिथून निघालेली सूचना मंदाच्या स्वयंपाकघरात पोचली होती. गुरुजींनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तलाव आनखी भरंल." मंदा भाकरी थापत होती. तिचा हात एक क्षण थांबला आणि परत चालू झाला.

कर्जत

गुरुवारी सकाळी मंदा म्हणाली, "ताई, ओटीचं सामान आनायला कर्जतला जाऊ." कर्जत तालुक्याचं गाव. वडापच्या जीपमध्ये बसल्यावर तिने माझा हात धरला. "आधी ऑफिसात जाऊ. मग खणनारळ. ह्यांना सांगू नको."

मी मनातल्या मनात शिडी चढू लागले. गाव झालं, आता तालुका. तालुक्याने ऐकलं नाही तर जिल्हा. जिल्हाधिकाऱ्यांना कायद्याने कसले कसले अधिकार दिले आहेत, ते मी जीपमध्ये मंदाला समजावून सांगितलं. धोक्याची जागा रिकामी करायला लावता येते, यंत्रं ताब्यात घेता येतात, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा होऊ शकते.

"म्हंजी ह्यांना?" मंदाने विचारलं.

तीस वर्षांत आदेश मोडणारा म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कधी कोणाचा चेहरा आला नव्हता.

तहसील ऑफिसात नियंत्रण कक्षाच्या खोलीत एक बाई अधिकारी होत्या. चाळिशीच्या, साडीचा काठ चिखलाने माखलेला, पहाटेपासून सीना नदीच्या काठच्या गावांत फिरून आलेल्या. दोन फोन आलटून पालटून वाजत होते. तरी त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. तलाठ्याने पाठवलेले फोटो त्यांच्यापर्यंत पोचले होते. त्यांनी माझ्यासमोरच जिल्ह्याला फोन केला, अभियंत्यांशी बोलल्या, कागदावर लिहून घेतलं.

"उद्या सकाळी पथक येतं. पोती काढण्याचा आदेश संध्याकाळपर्यंत काढते. आज सगळी माणसं नदीकाठी अडकली आहेत, ओढ्यांना पाणी आहे."

"आणि आज पाऊस आला तर?"

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग विचारलं, "बाई, तुम्ही हा विषय शिकवला आहे म्हणता. कायद्यातली आपत्तीची व्याख्या म्हणा बघू."

मी खुर्चीत ताठ बसले. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित कारणांनी ओढवलेली गंभीर घटना, जीवितहानी, मालमत्तेची हानी, असं म्हणत म्हणत शेवटाला आले, "आणि जिचं स्वरूप बाधित क्षेत्रातल्या समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचं आहे, अशी."

"क्षमतेपलीकडचं," त्या म्हणाल्या. "अडतीस पोती उचलणं बोरखडीच्या क्षमतेपलीकडचं आहे का?"

फोन वाजला आणि त्या तिकडे वळल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "खालची घरं आजच शाळेत हलवा. पोती काढायला माझ्या कागदाची वाट बघू नका. काढाल तर वरून काढा, एकदम पाणी सोडू नका. आदेश येतोच आहे."

बाहेर आलो. मंदाने खण घेतला, नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं. मी नुसती तिच्या मागून चालत होते. शिडी चढून जायची तयारी करून आले होते आणि मला तर परत खाली पाठवलं होतं. मी चिडले होते की लाजले होते, ते आजही सांगता येणार नाही. ती व्याख्या मी एवढी वर्षं मुलांकडून घोकून घेतली होती आणि तिच्यात गाव असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुन्हा सांडव्यावर

बोरखडीत उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पाऊस सुरू झाला होता, आडवा, वाऱ्याबरोबर. तलाठी आधीच खालच्या घरांतल्या लोकांना शाळेत न्यायला लागले होते. रशीदभाई शेळ्या हाकत होते.

गुरुजी भरावावर छत्री धरून उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि कर्जतला काय झालं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. आदेश, पथक, शिक्षा, व्याख्या, सगळं. शिकवल्यासारखंच सांगितलं, दुसरं मला येतच नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "ताई," म्हणाले, "तुमच्याकडं पानी जावं म्हनून मानसं हात जोडत्यात. आमच्याकडं ऱ्हावं म्हनून. मी शाळेत हुतो तवा पोरं पान्याच्या बाटल्या घरनं आनायची. दुपारपर्यंत संपायच्या. मग पोरं माझ्याकडं बघायची. ते बघनं तुमी न्हाई बघितलं."

"नाही बघितलं."

"मग हे पानी मी कसं सोडू, सांगा."

कायदा माझ्या बाजूने होता, तालुका माझ्या बाजूने होता, आणि मला मात्र गुरुजींचंच खरं वाटत होतं. मागे वळून बघितलं तर खाली मंदाच्या घराचे पत्रे. तेही खरंच होतं.

तेवढ्यात मंदा आमच्या शेजारून पुढे गेली. पदर खोचलेला, पायांत चपला नाहीत. सांडव्यावर उतरली, प्लास्टिकचा कागद ओढून काढला आणि पहिल्या पोत्याला हात घातला. ते भिजून जड झालं होतं, हलेना. तिने दुसऱ्यांदा जोर लावला आणि घसरून गुडघ्यावर बसली. तशीच बसून परत ओढू लागली.

गुरुजींनी छत्री टाकली. मला वाटलं, ते तिला उठवून बाहेर काढणार. ते पाण्यात उतरले, तिच्या शेजारी वाकले आणि म्हणाले, "मधलं नको. कडंचं आधी. वरच्या रांगंतलं." आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

मग रशीदभाई आले, तलाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. पोती रचणारे ते चौघेही आले. मी काठावर उभी राहून मोजत होते, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. विसाव्या पोत्यानंतर पाणी पलीकडे सांडायला लागलं, आधी बोटभर धार, मग चादरीसारखं सरळ. ओढ्यातून आवाज यायला लागला. अडतिसावं पोतं निघालं तेव्हा गुरुजी कमरेएवढ्या पाण्याशेजारी दगडावर बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पावसाचंच असेल, असं मी धरून चालले. पण त्यांचे खांदे हलत होते.

मंदाने काठावर ठेवलेल्या बाजाराच्या पिशवीतून खण आणि नारळ काढला. शुक्रवार उजाडायला अजून वेळ होता, पाहुणे आले नव्हते, वाजंत्री नव्हती. तिने तिथेच सांडव्यावरून निघून चाललेल्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. जाणाऱ्या पाण्याची पूजा करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. मीही वाकून नमस्कार केला.

त्या रात्री सगळे शाळेत झोपलो. पाऊस पहाटेपर्यंत होता. भराव टिकला.

निरंक

शुक्रवारी सकाळी पथक आलं, आदेशाचा कागदही आला. अभियंत्यांनी ओली जागा पाहिली, खुणा रोवल्या, पाणी कमी झाल्यावर तिथे दुरुस्ती करावी लागेल म्हणाले. मग रिकाम्या सांडव्याकडे बघून त्यांनी विचारलं, "इथली पोती कोणी काढली?"

सगळे ओढ्याकडे बघू लागले.

"आणि ठेवली होती कोणी?"

गुरुजींनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "दोनी मीच," म्हणाले.

अभियंत्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. तलाठ्यांना मात्र त्यांचा अहवाल पाठवायचा होता. मृत व्यक्ती, निरंक. मृत जनावरं, निरंक. पडझड, निरंक. सगळ्या रकान्यांत तोच शब्द लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा बाई, कागदावर काल इथं काही झालंच नाही."

जलपूजनाचे पाहुणे काही आले नाहीत, ओढ्याला पाणी होतं. गुरुजी दिवसभर बाजेवर बसून होते. तलावात अजून भरपूर पाणी होतं, पण त्यांची नजर त्या दीड फुटावरच्या ओल्या रेषेवर होती. मला त्यांची क्षमा मागावीशी वाटत होती आणि कशाबद्दल ते समजत नव्हतं.

शनिवारी मी निघाले. सामान भरत होते, तेव्हा मंदाने दारामागच्या खिळ्यावरून ती पिशवी काढली आणि सुतळी सोडली. कागद कपाटात परत ठेवायचे होते.

"आता भीती गेली ना तुझी?" मी म्हटलं.

"माझी?" ती म्हणाली. "ही पिशवी मी न्हाई भरली, ताई. ह्यांनी भरली. पोती रचून आले त्याच दिवशी संध्याकाळी. माझ्याशी एक शब्द न बोलता खिळ्याला अडकवली. मी तुला फोन केला तो ती पिशवी बघून."

तिने आतला एक कागद माझ्या हातात दिला. शाळेच्या वहीचं पान, समास आखलेला, गुरुजींचं वळणदार अक्षर. वर मथळा नव्हता. पहिली ओळ, मंदाची बीपीची गोळी, पंधरा दिवसांची. दुसरी, मंदाचा जुना चष्मा. मग रेशनकार्ड, सातबारा, तलाठ्यांचा नंबर, तालुक्याच्या कक्षाचा नंबर. रशीदभाईंना आधी हाक मारावी, त्यांना कमी ऐकू येतं. शाळेची किल्ली शिपायाकडे. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित केलेली शेवटची ओळ: सांडव्यावरची पोती ३८, वेळ आल्यास वरून काढावीत.

बाहेर गुरुजी मोटारसायकल सुरू करून माझी वाट बघत होते.